तीच जागा

आमच्या घरात रांजणवाडी हा आजार नव्हताच कधी. पापणी जड झाली, डोळ्यात खुपल्यासारखं वाटलं, की आजी सहाण काढायची. दोन थेंब पाणी, एक लवंग, आणि उगाळून झालेला तपकिरी ठिपका बोटाच्या टोकानं पापणीवर. लवंग हाताशी नसली तर तळहातावर बोट खसाखसा घासायचं आणि गरम झालेलं बोट गाठीवर टेकवायचं. चार-आठ दिवसांत गाठ फुटायची नाहीतर जिरायची. दहावीच्या परीक्षेत मला झाली होती, दोन पेपर मी जवळजवळ एका डोळ्यानं लिहिले, आणि घरात कुणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आजी गेल्यावर ती सहाण मावशीकडे गेली, कराडच्या पलीकडे तिच्या गावी.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात मावशीनं फोनवर सांगितलं, "उजव्या डोळ्याला रांजणवाडी आलीय बघ, वरच्या पापणीला." मी म्हणाले, "शेक घे, जाईल."

मी गेली २२ वर्षं पुण्यात एका हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली पोचवायचे, हे माझं काम. कर्करोग मला रोज दिसतो, पण तो काचेवर, गुलाबी-जांभळ्या रंगात. मावशीनं पापणीवर गाठ आहे असं सांगितलं तेव्हा मला रांजणवाडीच दिसली.

सल्ला तसा चुकीचा नव्हता. पापणीवरच्या गाठीवर पहिला उपाय शेकच असतो, कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर तेच सांगेल. (लवंग मात्र लावू नका. डोळ्यात उतरली तर बुबुळाला इजा करते. आजीची आठवण कितीही गोड असली तरी हे सांगायलाच हवं.) पण गाठ जिरली नाही. दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मावशीनं ती काढून घेतली. पापणी उलटी करून आतल्या बाजूनं बारीक चीर द्यायची आणि छोट्या चमच्यासारख्या हत्यारानं आतला गर खरवडून काढायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम. मावशी त्याच दिवशी एसटीनं घरी आली आणि संध्याकाळी चुलीपुढं बसली. संक्रांतीच्या सुमारास गाठ परत आली. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा चीर. "काहींना होतात पुन्हा पुन्हा," असं तिला सांगितलं गेलं. होतातही. पण बहुतेकदा जागा बदलते. मावशीची गाठ दोन्ही वेळा त्याच जागी होती.

मग उन्हाळ्यात तो डोळा लाल राहायला लागला. डोळे आलेत म्हणून थेंब दिले, ते संपल्यावर दुसरे, मग मलम. डोळे येतात तेव्हा एकाचे दोन होतात आणि दोनाचे घरभर. मावशीचा एकच डोळा तीन महिने लाल होता, आणि घरात नातवंडांपासून कुणालाच काही झालं नव्हतं. आज हे लिहिताना ते इतकं उघड वाटतं की मला माझाच राग येतो. दर आठवड्याला मी फोन करत होते. "डोळा कसा आहे?" "हाय तसाच." यापुढं मी कधी काही विचारलंच नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मावशी पुण्याला आली. सकाळी सगळ्या आवरत होत्या, आणि ती काजळाची डबी घेऊन माझ्याकडे आली. "मला नीट दिसंना झालंय गं त्या डोळ्यानं, पाणी येतंय सारखं. तूच घाल." खिडकीजवळ खुर्चीवर तिला बसवलं, हनुवटी धरली, आणि डाव्या डोळ्यात काजळ घालून उजव्याकडे वळले.

वरच्या पापणीच्या कडेला, मधोमध किंचित बाहेरच्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत एकही केस नव्हता. अलीकडे केस, पलीकडे केस, मध्ये मोकळं. तिथली कड जाड झाली होती, तिची धार गेली होती, आणि कातडीखालून एक पिवळट छटा दिसत होती, जुन्या तुपासारखी. त्या पिवळ्यावरून दोन-तीन अगदी बारीक रक्तवाहिन्या गेल्या होत्या.

"मावशी, इथले केस कुठे गेले?"

"कुणाला ठावं. चिरलंय न्हवं तिथं."

पण रांजणवाडीची चीर आतून देतात, पापणीच्या कडेपासून लांब राखून. केसांच्या मुळांना ती लागत नाही. मी काजळाची डबी बंद केली. तिला म्हणाले, आज नको, डोळा लाल आहे. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मावशीच्या एकाच डोळ्यात काजळ आहे.

पापणीत तेलाच्या ग्रंथी असतात हे शाळेत कुणी शिकवत नाही. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०, एकमेकींना खेटून उभ्या रांगेत. प्रत्येकीचं तोंड पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या मागं उघडतं. आपण पापणी मिटतो तेव्हा त्यांतून तेल पिळून निघतं आणि अश्रूंच्या थरावर पसरतं, म्हणून डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं नीट वर्णन लिहिलं, आणि आजही त्यांना मायबोमियन ग्रंथीच म्हणतात. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच वर्ष. मला असं काहीतरी जोडल्याशिवाय साल लक्षात राहत नाही. याखेरीज केसांच्या मुळाशी झाइसच्या ग्रंथी असतात, त्याही तेलाच्याच, पण लहान.

यातल्या एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तेल आत साचतं, फुटून आजूबाजूच्या मांसात झिरपतं, आणि शरीर त्या तेलाला परकं समजून त्याच्याभोवती पेशी गोळा करतं. ही झाली न दुखणारी, हळूहळू वाढणारी साधी गाठ. मराठीत आपण दुखऱ्या पुळीलाही रांजणवाडी म्हणतो आणि या गाठीलाही. डॉक्टरांकडे दोन नावं आहेत, आपल्याकडे एकच. आणि त्याच ग्रंथीच्या पेशी बिघडल्या, भरमसाट वाढायला लागल्या, तर तो त्या ग्रंथीचा कर्करोग, सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा. सुरुवातीला बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत काय फरक दिसणार? जागा तीच, आकार तोच, दुखत दोन्ही नाहीत. वरच्या पापणीत ग्रंथी जास्त, म्हणून हा कर्करोगही वरच्या पापणीत जास्त होतो.

तो दुसऱ्याचं सोंग घेतो असं डोळ्यांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते वाचताना मला आमच्या गावातला बहुरूपी आठवला. पोलिसाचे कपडे घालून दारात यायचा, वडिलांच्या नावानं वॉरंट आहे म्हणायचा, आई क्षणभर खरंच घाबरायची. पण बहुरूपी शेवटी हसायचा, सोंग उतरवायचा, पसाभर धान्य घेऊन पुढच्या दारी जायचा. हा रोग सोंग उतरवत नाही. कधी रांजणवाडी होतो, कधी डोळे येणं होतो, कधी पापणीच्या कडेची जुनी खाज होतो, आणि जो तो आपापल्या सोंगावर इलाज करत राहतो.

आणखी एक शब्द आहे जो मला खुपतो: दुर्मीळ. मावशीचा रिपोर्ट आल्यावर जो तो मला म्हणाला, हा फार दुर्मीळ असतो, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसेल. कुठं दुर्मीळ? युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत पापणीचा कर्करोग म्हटलं की बहुतेक वेळा तो बेसल सेल कार्सिनोमा असतो, उन्हाशी नातं असलेला, बहुधा खालच्या पापणीवर. तिथं तेलग्रंथीचा कर्करोग शंभरात मोजके. पुस्तकं तिथं लिहिली गेली, आणि तो शब्द तसाच आपल्याकडे आला. पण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉक्टरांनी पापणीच्या कर्करोगाच्या ५३६ भारतीय रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात तेलग्रंथीचा कर्करोग ५३ टक्के होता, बेसल सेल २४ टक्के, आणि स्क्वेमस सेल, कातडीच्या कर्करोगाची आणखी एक जात, १८ टक्के. म्हणजे आपल्या माणसाच्या पापणीवर कर्करोग असेल, तर तो याच जातीचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पापणीचा कर्करोगच मुळात कमी लोकांना होतो, हे खरं. रांजणवाडी झालेल्या शेकडो माणसांना रांजणवाडीच झालेली असते, आणि हे वाचून कुणी रात्रभर आरशासमोर बसू नये. पण पन्नाशीनंतर, एकाच पापणीच्या त्याच जागी गाठ परत आली, तिथले केस गळले, एकच डोळा महिनोन्‌महिने लाल राहिला, तर तिथं 'दुर्मीळ' हा शब्द कुणी उच्चारूच नये असं मला वाटतं. त्या शब्दानं मावशीचं जवळजवळ वर्ष खाल्लं.

साखरपुड्याच्या चौथ्या दिवशी पुण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्लिट लॅम्पवर, डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, पापणी पाहिली, मग उलटी करून पाहिली. मग मावशीच्या कानापुढं, जबड्याखाली आणि मानेवर बोटं फिरवून बघितलं. मावशीला वाटलं डोळ्याच्या डॉक्टर मान का चाचपतायत. पापणीतला हा रोग आधी कानापुढच्या आणि मानेच्या गाठींत उतरतो, म्हणून. गाठी लागल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आधी दोनदा काढलं ते तपासायला पाठवलं होतं का?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळले. दोन पावत्या होत्या, थेंबांच्या चिठ्ठ्या होत्या. रिपोर्ट नव्हता.

मला तेव्हा राग आला आणि अजूनही येतो. गर्दीच्या दवाखान्यात दिवसाला कितीतरी गाठी खरवडतात, प्रत्येक तुकडा तपासायला पाठवला तर खर्च रुग्णाच्याच माथी बसतो, हे मला कळतं. पहिल्या वेळी पाठवला नाही, हेही मी समजून घेईन. दुसऱ्या वेळी, साठी ओलांडलेल्या बाईच्या त्याच जागेतून निघालेला गर कापसाच्या बोळ्याबरोबर टाकून दिला, हे मला समजून घेता येत नाही. मी त्या टाकून दिलेल्या गोष्टींवरच पोट भरते. नखाएवढा, कधी तांदळाच्या कणीएवढा तुकडा, फॉर्मालिनच्या बाटलीत तरंगणारा, कुणाला किळस येईल असा. त्यात माणसाची पुढची दहा वर्षं असतात.

बायोप्सी आमच्याच प्रयोगशाळेत आली. पापणीच्या सगळ्या थरांतून घेतलेला पाचरीच्या आकाराचा एक तुकडा, आणि त्याच्याबरोबर बारा छोट्या बाटल्या. या बारा बाटल्यांचं कारण सांगायला हवं. हा कर्करोग एका जागी गोळा होऊन बसतोच असं नाही. त्याच्या पेशी पापणीच्या आतल्या नाजूक अस्तरात इकडेतिकडे विखरून पडतात, पेरताना मुठीतून दाणे सांडावेत तशा, आणि वरून अस्तर फक्त लालसर दिसतं. मावशीचे 'आलेले डोळे' ते हेच. १८७४ साली जेम्स पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं स्तनाग्राच्या एका विकाराचं वर्णन केलं, त्यात पेशी अशाच विखुरलेल्या सापडतात, म्हणून या पसरण्यालाही त्याचंच नाव चिकटलं. ते किती दूरवर गेलंय हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शल्यविशारद अस्तरावरून ठरावीक जागांचे बारीक तुकडे घेतात, जमिनीची माती तपासायला शेताच्या चारी कोपऱ्यांतून घ्यावी तसे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर हातानं डोळा काढला होता, त्यावर एक ते बारा आकडे, आणि प्रत्येक बाटलीवर तोच आकडा. अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: तेलग्रंथीच्या कर्करोगाची शंका, एक तुकडा प्रोसेसिंगला घालू नये.

हे शेवटचं वाक्य कुणी लिहून पाठवलं की आमच्यासारख्यांना त्या डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटतात. कारण आमच्या कामातच एक खोट आहे. तुकडा मेणात बसवायचा तर आधी त्यातलं पाणी काढावं लागतं. त्यासाठी तो चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, मग झायलीनमधून, मग वितळलेल्या मेणात. आणि अल्कोहोल-झायलीनमध्ये तेल विरघळतं. ज्या तेलावरून हा रोग ओळखायचा, ते तेलच आम्ही रात्रभरात यंत्रात धुऊन टाकतो. सकाळी काचेवर उरतात ती रिकामी भोकं. साध्या रांजणवाडीच्या काचेवरही रिकामी भोकं दिसतात, कारण तिथंही तेल होतं आणि तेही गेलं. फरक एवढाच, की साध्या गाठीत भोक मोकळं असतं आणि त्याच्याभोवती सुजेच्या पेशींचं कडं असतं. या कर्करोगात भोकं पेशीच्या पोटातच असतात, बारीक बारीक, साबणाच्या फेसासारखी. पेशी फार बिघडलेल्या असतील तर तीही धड दिसत नाहीत, आणि मग अनुभवी नजरही त्याला दुसऱ्याच जातीचा कर्करोग म्हणू शकते. म्हणून एक तुकडा बाजूला ठेवायचा, अल्कोहोल न दाखवता गोठवून कापायचा आणि ऑइल रेड ओ नावाच्या रंगात बुडवायचा. तेल असेल तर ते तांबडं होऊन समोर येतं.

माझ्या सहकारीणीनं विचारलं, "मी करू का? तुम्ही नका बसू आज." पण मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं. काप सुरकुतलेला आला, कुठं चीर पडली, तर मॅडमना बघायला त्रास होईल. २२ वर्षांत हजारो ठोकळे कापलेत मी, पण मायक्रोटोमचं, काप काढायच्या यंत्राचं, चाक फिरवताना हाताला कंप सुटला तो त्याच दिवशी. चार मायक्रॉनचे काप, म्हणजे एका मिलिमीटरचे अडीचशे. पात्याच्या धारेवरून मेणाची पट्टी निघते, एकाला एक जोडलेले काप, आणि ती कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या आपोआप उलगडतात. त्या पट्टीतल्या प्रत्येक चौकोनात मधोमध एक पांढुरकी पाचर होती. एका बाजूला केसांची मुळं, दुसऱ्या बाजूला आतलं अस्तर. जी पापणी खिडकीजवळ मी बोटांत धरली होती, ती आता पाण्यावर तरंगत होती. मी काच खाली घातली आणि तिला वर उचललं.

मॅडमनी मला दोन डोळ्यांच्या जोड्या असलेल्या सूक्ष्मदर्शकाशी समोर बसवलं. फेसाळ पेशी, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या, दुभंगत असलेल्या. गोठवलेल्या कापात तांबडे थेंब. मग विशेष तपासण्या. त्यात ॲडिपोफिलिन नावाची एक आहे, तिच्याबद्दल मला कायम काहीतरी वाटत आलंय. हे प्रथिन पेशीतल्या तेलाच्या थेंबाच्या अंगावर असतं. तेल झायलीननं नेलं तरी ते मागं राहतं आणि रिकाम्या भोकाभोवती तपकिरी कडं होऊन दिसतं. डबा रिकामा झाला तरी कडेला तेलाचं वर्तुळ राहतं ना, तसं. त्या दिवशी प्रत्येक भोकाला कडं होतं.

बारा बाटल्यांपैकी फक्त दोन नंबरच्या बाटलीत विखुरलेल्या पेशी सापडल्या, गाठीला लागून असलेल्या जागेतल्या. बाकी अकरा स्वच्छ. मी त्या अकराच्या अकरा काचा दोन-दोनदा पाहिल्या, मला अधिकार नसताना. अस्तरभर पसरलेला असता तर पूर्ण डोळा, खोबणीतल्या सगळ्यासकट काढायची वेळ येऊ शकली असती.

मॅडमनी आणखी एक विचारलं, "घरात कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग?" पापणीच्या गाठीचा आतड्याशी काय संबंध, असं मावशीला वाटलं. पण डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत घराण्याचा दोष असला, तर एकाच माणसाला तेलग्रंथींच्या गाठी आणि पोटातले कर्करोग दोन्ही होऊ शकतात. १९६७ साली म्युअर आणि १९६८ साली टॉरी यांनी असे रुग्ण नोंदवले, म्हणून तो म्युअर-टॉरी सिंड्रोम. मला एकदम आजी आठवली. ती 'पोटाच्या दुखण्यानं' गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. कसलं पोट, कसलं दुखणं, कुणी विचारलं नव्हतं. त्या जनुकांपासून बनणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी केली, मावशीच्या गाठीत चारही शाबूत निघाली. माझ्या आईनं त्या रात्री देवापुढं साखर ठेवली.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची निरोगी दिसणारी पाच मिलिमीटर कड धरून पापणी कापली, म्हणजे वरची पापणी जवळजवळ निम्म्याहून जास्त गेली. शेजारच्या अस्तरातल्या उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून ते जागच्या जागी गोठवलं. पापणीशिवाय डोळा उघडा ठेवता येत नाही, बुबुळ वाळून जातं. तर खालच्या पापणीची कड तशीच राखून तिच्याखालून सगळ्या थरांचा एक पट्टा काढतात, कडेच्या मागून वर सरकवतात आणि वरच्या खिंडारात शिवतात. कटलर आणि बिअर्ड या दोघांनी १९५५ साली ही पद्धत मांडली. शिवलेला तुकडा वर जीव धरेपर्यंत डोळा मिटलेलाच. मावशीचा सात आठवडे होता.

ते सात आठवडे ती माझ्याकडे राहिली. दोन डोळ्यांनी खोली कळते, एका डोळ्यानं सगळं सपाट होतं. चहाचा कप पुढं केला की तिचा हात कपाच्या अलीकडेच बंद व्हायचा. जिन्यात पाय आधी हवेत चाचपडायचा. सुईत दोरा ओवायचा तिनं चार दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. पण तांदूळ निवडायला बसली की ताट पार नाकाशी घ्यायची आणि एक खडा सुटू द्यायची नाही. एकदा म्हणाली, "मिटल्या डोळ्यात बी उजेड कळतोय गं. तांबडा तांबडा." मग दुसरी शस्त्रक्रिया, पट्टा कापून पापण्या वेगळ्या केल्या, आणि उजवा डोळा उघडला. नव्या पापणीला केस नाहीत. तेलग्रंथीही नाहीत, त्यामुळं त्या डोळ्यात दिवसातून सहा-सात वेळा थेंब घालावे लागतात, आणि वाऱ्याला बाहेर पडताना चष्मा. आधी दर तीन महिन्यांनी, आता सहा महिन्यांनी ती तपासणीला येते. पापणी, अस्तर, मग कानापुढं आणि मानेवर तीच बोटं. आता मावशी आपणच मान तिरकी करून देते.

मागच्या तपासणीनंतर ती म्हणाली, "तू काम करतीस तिथं मला ने. माझी पापणी हाय म्हणं तिथं."

मॅडमना विचारून नेलं. मेणाचे ठोकळे आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो, लोखंडी कपाटात, उथळ खणांत, नंबरांच्या ओळीनं. पुढं कधी रोग परत आला, नवी तपासणी निघाली, तर याच ठोकळ्यातून पुन्हा काप निघतात. मी खण ओढला, तिचा ठोकळा काढून तळहातावर ठेवला. काडेपेटीहून लहान, पांढरा, मध्ये पिवळसर ठिपका. तिनं तो खिडकीकडं धरला. डाव्या डोळ्यानं पाहिला, मग डावा झाकून उजव्यानं.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

मग बाकीचे बारा दाखवले. दोन नंबरचा तिनं ओळखून मागून घेतला, तिला तो नंबर पाठ होता. बराच वेळ ते दोन ठोकळे एका हातात धरून ती खणातल्या बाकीच्या ओळीकडे बघत राहिली, जिथं दुसऱ्या कुणाकुणाचे होते.

"आन्‌ आधीचे दोन? गावाकडं काढल्याले?"

"ते नाहीत, मावशी."

"कुठंच न्हाईत?"

"कुठंच नाहीत."

तिनं मान हलवली. मग नंबर वाचून, ज्याच्या त्याच्या जागी, दोन्ही ठोकळे तिनं स्वतःच खणात परत ठेवले.